प्रमाण लिहिलेलं नाही

प्रोजेक्टला पैसे होते अकरा महिन्यांचे,
ट्रेसिंग पेपरची दोन रिमं, एक रेकॉर्डर
आणि मला पढवलेलं एकच वाक्य :
तुमचं बडोदा काढून दाखवा.

चित्र येत नाही हो, म्हणायचे सगळे.
मग पेन घ्यायचे.

वारशियातल्या लछमनदास तोलाणींनी
कागदाच्या डाव्या कडेला नदी ओढली, चांगली तीन बोटं रुंद.
म्हटलं, काका, विश्वामित्री एवढी मोठी कुठाय?
म्हणाले, ती येईल मागाहून,
आधी हैदराबाद, मग कराचीची गोदी.
तोवर दोन चहा झाले, आणि बडोद्याला जागा उरली
पोस्टाच्या तिकिटाएवढी.
तिथं त्यांनी दुकान बसवलं, शटरसकट.
ती सिंधू त्यांनी पाहिलेली नाही.
बापानं सांगितलेलं एकही वळण चुकलं नाही, म्हणतात.

ओकेलो, कंपालाचा, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
त्यानं रस्ते काढलेच नाहीत.
नुसती दारावरच्या घंटीची बटणं,
निझामपुरा ते फतेगंज एकोणीस,
आणि प्रत्येकीखाली तो शिकलेलं एकेक वाक्य :
फक्त फॅमिलीला. कालच गेली. साहेब गावाला गेलेत.
विसाव्या घंटीखाली काही नाही.
तिथं तो राहतो. मालकीणबाई रोटला देतात
आणि त्याला अखिलभाई म्हणतात.

दांडिया बाजारच्या खंडागळ्यांनी पट्टी मागितली.
उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस.
त्यांच्या नकाशात पाट्याच पाट्या,
दुग्धालय, शिवणवर्ग, ब्राह्मणी खानावळ,
आणि अक्षर न् अक्षर उलटं.
सवय, म्हणाले. कागद पालथा करा.
केला. पलीकडून सगळं लख्ख वाचता आलं.
त्यातली एकही पाटी आता जागेवर नाही.

नानसिंग राठवानं स्लॅब मोजले.
गोत्री, चौथा मजला. वासणा, सातवा. समा, पायाच फक्त, मग ताप आला.
मी विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर घोडे काढतात ना?
त्यानं असं पाहिलं की मी रेकॉर्डर बंद केला.
ते इथं नाही, म्हणाला. त्याला नवस लागतो.
तुम्ही तर पोहे खाऊ घालून बोलावलंत.

मगर मात्र सगळ्यांनी काढली. कुणीही न सांगता.
तोलाणींनी तिकिटाच्या कोपऱ्यात,
ओकेलोनं चौदाव्या घंटीपाशी.
नानसिंगच्या मगरीला पाच पाय होते.
मोजलेत का, विचारलं,
तर म्हणाला, पुराच्या पाण्यात कोण मोजतं.

सरांना एकच नकाशा हवा होता.
उत्तर वर, प्रमाण खाली, सूची उजवीकडे.
म्हणून मी त्रेसष्ट कागद खिडकीच्या काचेवर
एकावर एक चिकटवत गेले.
सहा-सातपर्यंत काहीतरी जुळल्यासारखं वाटलं,
कदाचित मांडवी, कदाचित शाईचा डाग.
मग खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागला.

रेवाबेन सोलंकी झाडायला आल्या, थांबल्या.
आमां मारुं नथी, म्हणाल्या.
मी पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.
शेजारच्या काचेवर महिन्याची धूळ होती, तिच्यात
बोटानं एक आडवी रेघ : पहाटे चारचा रस्ता, माझा एकटीचा.
तिच्यावर टिंबं.
हा नळ पाणी देतो.
हा पण देतो.
हा आधी नाव विचारतो.
आणि पुढे, बोट जरा घुटमळून, एक गोल.
हा कशाचा, ते सांगितलं नाही.

फोटो काढते हं, म्हणत मी पिशवीत मोबाइल शोधेपर्यंत
त्यांनी ओल्या फडक्यानं काच पुसली.
त्याचसाठी तर आल्या होत्या.

वरचा एक कोपरा राहून गेला होता.
मी दाखवला नाही.